दगडांतली हिरवी गादी

खालच्या आजोबांना मी ओळखत होते असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. चार वर्षं आम्ही त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहिलो, त्यांच्याच जिन्यातून रोज चढलो-उतरलो, त्यांच्या हातचा केकही खाल्ला. पण हा माणूस थट्टा करतोय की मनापासून बोलतोय, आपल्यावर खूश आहे की आपल्यापुढे हात टेकून बसलाय, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. आज लिहायला बसले आहे तीही काही उलगडलंय म्हणून नव्हे. लिहिता लिहिता उलगडेल अशी एक वेडी आशा आहे.

जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या कडेला, ट्राम संपते तिथून दहा मिनिटांवर त्यांचं घर होतं. ते खाली, आम्ही वर. समोरासमोर त्यांना 'हेर', म्हणजे श्रीयुत, लावून आडनावाने हाक मारायची आणि आमच्या घरात म्हणायचं 'खालचे आजोबा'. आजोबा म्हणवून घ्यायला त्यांना नातवंडं नव्हती. बायको कधी होती का, हे विचारायची सोय नव्हती. उंच, किडकिडीत, बारा महिने तेच हिरवं जाकीट आणि जाकिटाच्या खिशात एक भिंग.

घर बघायला गेलो त्याच दिवशी माझ्या नवऱ्याने माती खाल्ली. मागच्या अंगणात लहानमोठ्या दगडांचा कमरेएवढा ढीग होता, मधूनमधून खडी पसरलेली. नवरा गाड्यांच्या कारखान्यात इंजिनीअर, मदतीला नेहमी तत्पर. त्याने अगदी चांगल्या हेतूने विचारलं, की हा राडारोडा कधी उचलणार आहात, हवं तर मी गाडीची सोय करतो. आजोबांनी त्याला ढिगाजवळ नेलं. मग सांगितलं की हा श्टाइनगार्टन आहे, म्हणजे दगडांची बाग, आणि यातला एकेक दगड मी स्वतः आणून, फिरवून, कोणती बाजू वर ते ठरवून बसवला आहे. परतीच्या ट्राममध्ये आम्ही दुसऱ्या घरांच्या जाहिराती चाळल्या. घर हातचं गेलं याबद्दल शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं. घर तुमचं. खाली एक ओळ जास्तीची होती: 'तुमच्या यजमानांना जे दिसतं ते लगेच बोलता येतं, हे चांगलं आहे.' ही स्तुती होती की चपराक, यावर आम्ही नवराबायको अजूनही वाद घालतो.

तोंडाने बोलण्यापेक्षा त्यांना चिठ्ठी लिहिणं सोपं जायचं. चौकोनी पिवळा कागद, छापल्यासारखं अक्षर, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर दगडाखाली ठेवलेला. एकदा लिहिलं होतं, 'शनिवारी तुमच्या कुकरच्या अकरा शिट्ट्या झाल्या. एरवी तीन होतात. हा प्रश्न आहे, तक्रार नाही.' मी घाबरून खाली गेले आणि माझ्या मोडक्या जर्मनमध्ये राजमा कसा शिजता शिजत नाही ते समजावलं. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पायरीवर चिठ्ठी: 'समजलं. राजमा, अकरा.' त्यानंतर मी राजमा केला की मला उगाच शिट्ट्या मोजायची सवय लागली. एकदा तेरा झाल्या तर दिवसभर जीव खालीवर.

नोकरीत असताना ते लिफ्ट तपासायचे. तीस वर्षं गावोगावच्या इमारतींत जाऊन दोर, कप्प्या, स्क्रू पाहिले. स्वतः मात्र लिफ्टमध्ये पाऊल ठेवायचे नाहीत. एकदा दवाखान्यात आमची गाठ पडली, डॉक्टर पाचव्या मजल्यावर, आणि हे दुखरं कंबर-खुब्याचं हाड घेऊन जिना चढत होते. लिफ्ट सुरक्षित नाही का, मी विचारलं. म्हणाले, अगदी सुरक्षित आहे, मीच पास केली होती. आणि पुढची पायरी चढले.

आता त्या झाडाचं सांगते. झाड म्हणणंही जास्तच झालं. दगडांच्या त्या बागेत मधोमध, दोन करड्या दगडांच्या खोबणीत, जेवणाच्या ताटाएवढी एक हिरवी गादी पसरलेली होती. उंची जेमतेम दोन बोटं. पानं इतकी बारीक आणि इतकी दाटीवाटीने की करंगळीचं टोक आत जाणार नाही. शेवाळ म्हणून कोणीही वरून पाय देऊन गेलं असतं. आल्प्सच्या माथ्यावर, जिथे दुसरं काही टिकत नाही, तिथे ही गादी उन्हाळ्यात गुलाबी फुलांनी अशी भरते म्हणे की हिरवं दिसतच नाही. आजोबांनी कुठल्याशा डोंगरी रोपवाटिकेतून अंगठ्याएवढं रोप आणलं होतं. आम्ही राहायला आलो तेव्हा त्याला नऊ वर्षं झाली होती, आणि नऊ वर्षांत एक फूल नाही. गादी ऐसपैस वाढत होती, तब्येत ठणठणीत होती, फक्त फुलायचं काही तिच्या मनात येत नव्हतं.

त्यासाठी त्यांनी काय नाही केलं. खत नाही, चांगली माती नाही, नुसती खडी, कारण तिला उपाशीच ठेवावं लागतं. पावसाळी थंडी सोसत नाही म्हणून नोव्हेंबरात तिच्यावर काचेचं तावदान. हॅनोव्हरला बर्फ पडून पडून पडतो किती, तर जो पडेल तो आइस्क्रीमच्या डब्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवायचे आणि मार्चमध्ये थोडा थोडा गादीच्या कडेला मांडायचे, हळूहळू वितळून मुळांना गार पाणी मिळावं म्हणून. पहिल्या हिवाळ्यात ते वर आले आणि अत्यंत संकोचाने विचारते झाले की तुमच्या फ्रीजरमध्ये तीन डबे बर्फ ठेवता येईल का. मी खवलेल्या नारळाच्या आणि शेवग्याच्या पिशव्या सरकवून जागा करून दिली. फ्रीजरमध्ये बर्फ सांभाळून ठेवणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

आणि रोज सकाळी आठ वाजता, ऊन असो की धुकं, ते त्या दगडांवर गुडघे टेकून बसायचे, खिशातलं भिंग काढायचे आणि ओणवे होऊन गादीचा इंच न् इंच बघायचे. पाच-सात मिनिटं. कळी शोधत असणार, दुसरं काय. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते दिसायचे आणि माझा चहा गार व्हायचा.

मे महिना आला की कुंपणापलीकडून शेजारच्या बाई विचारायच्या, "काय, आली का फुलं?" त्यांच्याकडे जिरेनियमच्या कुंड्या ओसंडून वाहायच्या. आजोबा म्हणायचे, "नाइन", म्हणजे नाही. पोस्टमन विचारायचा. समोरचे निवृत्त शिक्षक विचारायचे. सगळ्यांना एकच उत्तर, नाइन, आवाज न चढवता. मला त्या सगळ्यांचा राग यायचा, आणि का यायचा ते आता सांगूनच टाकते.

मी साताऱ्याजवळच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवत होते. नवऱ्याच्या नोकरीपायी सगळं सोडून आले. इथे माझ्या पदव्यांना आनेर्केनुंग, म्हणजे सरकारी मान्यता, मिळेपर्यंत शिकवता येणार नव्हतं आणि ती मान्यता कुठल्या टेबलावर अडली होती देव जाणे. रोज सकाळी मी जर्मनच्या वर्गाला जायचे, दुपारी अर्ज भरायचे. मंडळाच्या गणपतीत ज्या बायका भेटत त्या गोड आवाजात विचारत, मग सध्या काय करतेस? आईचा फोन, झालं का काही? सासूबाईंचा फोन, लागलं का कुठे? सगळे मायेने विचारायचे आणि मला जमिनीत जावंसं वाटायचं. खालच्या आजोबांनी मात्र चार वर्षांत एकदाही विचारलं नाही. सुरुवातीला मला वाटायचं, माणूस तुसडा आहे.

आमच्या दुसऱ्या उन्हाळ्यात सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या, आणि त्याच जुलैत आजोबांचं खुब्याचं ऑपरेशन ठरलं. इस्पितळ आणि पुढे रेहा, म्हणजे पुन्हा चालायला शिकवणारं केंद्र, धरून पाच आठवडे. जाण्याआधी त्यांनी मला बागेत बोलावलं आणि एक पिवळी चिठ्ठी हातात दिली. तीवर दोनच कलमं होती. 'एक: काहीही करू नये. दोन: काही करावंसं वाटलं तर कलम एक वाचावं.' मी हसले. ते हसले नाहीत. पाच आठवडे पाऊस पडलाच नाही तर, मी विचारलं. म्हणाले, तिची मुळं खाली दूरवर गेली आहेत, तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं, त्या दगडांतल्या झाडाला काही करायचं नाही. त्या 'बरं' म्हणाल्या.

चौथ्या आठवड्यात मी सहज मागे गेले तर गादीचा एक कोपरा तपकिरी पडला होता. हात लावला तर ओला लगदा.  धावत वर गेले आणि विचारलं, अहो आई, तुम्ही खालच्या झाडाला काही केलंत का?

सासूबाई शांतपणे तांदूळ निवडत होत्या. काही केलं नाही गं, म्हणाल्या, नुसतं पाणी घातलं. रोज आंघोळ झाल्यावर एक तांब्या. आणि तांदळाचं धुवण, किती रोडावली होती बिचारी. वर्षानुवर्षं तुळशीला पाणी घातल्याशिवाय त्यांनी चहा घेतलेला नाही, आणि आमची बाल्कनीतली तुळस तर पहिल्याच थंडीत गेलेली. मी कपाळाला हात लावला. त्यांना माझं वागणंच समजेना.

"अगं, तो एवढा म्हातारा माणूस रोज सकाळी दुखऱ्या गुडघ्यांनी दगडावर बसून तिच्यापुढे वाकतो," त्या म्हणाल्या. "तो इस्पितळात पडलाय. आपण घरात असताना त्याच्या पूजेत खंड पडू द्यायचा?"

 त्यांनी दगडावर हळदीकुंकवाचं बोटही लावलं होतं. ते मी जुन्या टूथब्रशने घासून काढलं आणि घासताना मला रडू आलं. अकरा वर्षांचा त्यांचा जीव होता तो, आणि आम्ही त्याला मायेने कुजवला होता.

त्या शनिवारी, सासूबाई विश्रांती घेत होत्या तेव्हा, नवऱ्याने पट्टी घेऊन कुजलेला भाग मोजला. लांबी चौदा सेंटिमीटर, रुंदी नऊ. हार्ट्स डोंगराच्या पायथ्याला अशा झाडांची एक रोपवाटिका त्याने शोधली होती. तिथल्या बाईंनी विचारलं, रानातली जात हवी की जास्त फुलणारी? नवरा तत्परतेने म्हणाला, जास्त फुलणारी. मी त्या वेळी शेजारी उभी होते आणि माझ्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. घरी आणून त्याने कुजका भाग सुरीने काटकोनात कापला, नवी रोपं बरोबर मापात बसवली, वर खडी पसरली. दोन पावलं मागे जाऊन म्हणाला, ओळखू येणार नाही कोणाला. एरवी मी त्याच्या कामाचं कौतुक करते. त्या दिवशी मला त्याच्याकडे बघवेना.

आजोबा परतले ते दोन कुबड्यांवर. गुडघे टेकता येत नव्हते म्हणून स्टूल मागवलं. भिंग काढलं आणि दहा मिनिटं बघितलं. मी वर खिडकीत, हातात कप. मग मान वर करून ते म्हणाले, "तुम्ही सांभाळलंत. डांके, धन्यवाद." मी खाली जाऊन खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सासूबाई तोवर परत गेल्या होत्या आणि दर रविवारी फोनवर विचारायच्या, आजोबांची तुळस कशी आहे? छान आहे, मी म्हणायचे. तो अख्खा हिवाळा मी दोन्हीकडे खोटं बोलत काढला. फेब्रुवारीत ते बर्फाचे डबे घेऊन आले तेव्हा तर मला त्यांच्या डोळ्याला डोळा देववेना.

आणि मे महिन्यात फुलं आली. शर्टाच्या बटणाएवढी, गुलाबी, वीसबावीस तरी, पानांना चिकटून बसलेली. सगळीच्या सगळी लांबी चौदा, रुंदी नऊमध्ये.

शेजारच्या बाईंनीच कुंपणावरून आरडाओरडा केला. आजोबांनी सबंध गल्लीला रविवारी दुपारी कॉफीला बोलावलं. स्वतः केक केला, मधोमध खचलेला. पोस्टमन आला, शिक्षक आले, सगळ्यांनी ओणवं होऊन फुलं बघितली, फोटो काढले. आजोबा माझ्याकडे हात करून प्रत्येकाला सांगत होते, मी इस्पितळात होतो तेव्हा हिची काळजी यांनी घेतली. लोक येऊन माझा हात हातात घेत होते.  नवरा बशीत बघत उभा.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला गेले नाही. रात्रभर मनात जुळवलेली जर्मन वाक्यं घेऊन खाली गेले आणि दारातच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सासूबाई, तुळस, धुवण, पट्टी, रोपवाटिका, सगळं. ते जाकिटाच्या खिशात हात घालून ऐकत राहिले.

"हो, मला माहीत आहे," ते म्हणाले. "तीस वर्षं लिफ्ट तपासल्या. नवा स्क्रू लगेच दिसतो. आणि निसर्गात काटकोन नसतात."

म्हणजे स्टुलावर बसले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी ओळखलं होतं. मला संताप आला, खरंच आला. मग तो केक कशाला? एवढी माणसं कशाला बोलावलीत, खोट्या फुलांसाठी?

आजोबा बागेकडे बघत म्हणाले, "असं बघा, अकरा वर्षं सगळे तिला विचारत होते. आता फुलं बघून झाली. आता कोणी विचारणार नाही. तिला निवांत राहता येईल."

मी म्हटलं, पण तुम्हीसुद्धा रोज भिंग घेऊन कळ्याच शोधता ना. ते गोंधळून माझ्याकडे बघत राहिले, जणू मी राजम्याला पन्नास शिट्ट्या दिल्या होत्या.

"कळ्या? नाइन. ती बरी आहे ना, ते बघतो."

मी 'डांके' म्हटलं की काय म्हटलं आठवत नाही. वर यायला निघाले आणि तिसऱ्या पायरीवर, चिठ्ठ्यांच्या जागेवरच, बसून पोटभर रडले. झाडाचं वाईट वाटून नव्हे. दोन वर्षं कोणीतरी काहीही न विचारता आपलं बरं चाललंय ना एवढंच बघत होतं, हे मला इतक्या उशिरा कळलं म्हणून. आता हे मलाच तसं वाटलं की त्यांच्या मनात खरंच होतं, कोणास ठाऊक. कारण फुलं नको असतील तर माणूस बर्फ कशाला साठवील? हे मी त्यांना पुढे कधी विचारलं नाही. विचारायचं नाही, एवढं तरी शिकले होते. गादीपुढचं त्यांचं बसणं चालूच राहिलं, फक्त फुलांच्या तुकड्याकडे पाठ करून, जुन्या बाजूला तोंड.

त्यानंतर दीडेक वर्षाने नवऱ्याची बदली हॅम्बर्गला झाली. सामान चढवून झालं तेव्हा आजोबा आइस्क्रीमचा एक डबा घेऊन आले. त्यात खडी आणि खडीत तळहाताएवढी हिरवी गादी, कडा वेड्यावाकड्या. जुन्या भागातली होती, कधीही न फुललेल्या. सोबत चिठ्ठी, तीच दोन कलमं, आणि खाली तिसरं: 'सासूबाईंना नमस्कार.' मी वाकून त्यांच्या पाया पडले. त्यांना वाटलं माझं काही खाली पडलं, म्हणून तेही शोधायला वाकले. आमची टक्कर व्हायची राहिली. ती आमची शेवटची भेट. पुढच्या वर्षी शेजारच्या बाईंचं पत्र आलं की ते सकाळी घरातच शांतपणे गेले.

वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या मनात आलं असेल, की मग त्या मान्यतेचं काय झालं, नोकरी लागली का. ते मी मुद्दामच लिहिलेलं नाही.

गादी आमच्या हॅम्बर्गच्या बाल्कनीत दगडी कुंडीत आहे. इथे पाऊस फार, म्हणून वर्षातून आठ महिने वर काच असते. फ्रीजरमध्ये नारळाशेजारी बर्फाचा एक डबा असतो. सासूबाई यंदा पुन्हा आल्या होत्या. रोज आंघोळ करून कुंडीपुढे रिकाम्या हाताने उभ्या राहायच्या, हात जोडायच्या आणि मग चहा घ्यायच्या. गादी चांगली वाढली आहे, फूल एकही नाही.

परवा शेजारच्या बाल्कनीतल्या बाईंनी वाकून बघितलं आणि विचारलं, हे काय शेवाळ लावलंय? मी सांगितलं. मग अपेक्षेप्रमाणे त्यांनी विचारलंच, "आणि फुलं येतात का हिला?"

"येऊन गेली," मी म्हटलं. "गुलाबी होती. खूप."

"अच्छा," म्हणून त्या आत गेल्या. मी खिशातलं माझं भिंग काढलं आणि खाली बसले.